मोठी गाडी, लहान रिम : एक हिशेबी विचार

व्यापारी आणि चाक यांचा संबंध फार जुना आहे. माल खेड्यातून पेठेत आणि पेठेतून परमुलखी न्यावयाचा तर चाकावाचून गती नाही. म्हणूनच पेठेतील मनुष्य मालमोटारीच्या चाकाकडे बारकाईने पाहतो. किती क्विंटल माल भरला, टायर किती झिजले आहेत, हवा पुरेशी आहे की नाही, याची चौकशी केल्याखेरीज तो गाडी वखारीबाहेर सोडीत नाही. परंतु तोच मनुष्य आपल्या कुटुंबासाठी गाडी घ्यावयास गेला म्हणजे ही सारी चौकसबुद्धी दुकानात ठेवून जातो, आणि रंग, काचा व चाकांचा दिमाख पाहून सौदा पक्का करतो, असे आमच्या पाहण्यात वारंवार आले आहे.

सांप्रत आपल्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांच्या दारी उंच बांध्याच्या मोठ्या गाड्या, ज्यांस सर्वत्र एसयूव्ही म्हणतात, त्या उभ्या आहेत. गाडी भारी, किंमत भारी, तथापि घरातील वडीलधारी मंडळी दोन-चार प्रवासांनंतर हळूच म्हणू लागतात, "जुन्या लहान गाडीत बरे वाटत होते हो, हीत फार आदळआपट होते." ही तक्रार नेहमीच वयाची नसते. पुष्कळदा ती चाकाची असते. अठरा किंवा एकोणीस इंची रिमवर चढविलेला पातळ कडेचा टायर काढून त्या जागी एक इंच लहान रिम आणि जाड कडेचा टायर बसविणे हा त्यावर एक उत्तम उपाय आहे. तो का लागू पडतो, त्याचा हिशेब कसा मांडावा आणि कोठे फसगत होण्याचा संभव आहे, हे सभासद बंधू-भगिनींपुढे सोप्या शब्दांत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भार वाहतो कोण?

प्रथम मूळ तत्त्व ध्यानात घेऊ. जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकास लोखंडी धाव बसविलेली असे. धाव चाकास झिजण्यापासून राखी, परंतु रस्त्यावरील प्रत्येक दगडाचा धक्का ती आऱ्यांतून आसाकडे आणि आसातून गाडीवानाच्या पाठीकडे जशाचा तसा पोहोचवी. पुढे हवा भरलेल्या रबरी टायरच्या बैलगाड्या बाजारात आल्या तेव्हा तीच बैलजोडी अधिक पोती ओढू लागली. रबराहून अधिक श्रेय येथे आतील हवेस आहे.

हवेच्या टायरची कल्पना आजकालची नव्हे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली तिचे पेटंट घेतले होते. परंतु ती व्यवहारात रुळली नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर सिद्ध केला, आणि तेथून या धंद्याचा खरा प्रारंभ झाला. १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो शर्यतीत मोटारीस हवेचे टायर लावून दाखविले. १९४६ मध्ये मिशेलिन कंपनीने ज्याचे पेटंट घेतले तो रेडियल टायर आज आपल्या साऱ्या प्रवासी गाड्यांस असतो.

या साऱ्या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगता येते. गाडीचा भार लोखंड वाहत नाही, रबरही फारसे वाहत नाही. तो कोंडलेली हवा वाहते. टायरची कडेची भिंत, जिला कारागीर साइडवॉल म्हणतात, ती या हवेस सामावून घेते आणि धक्का आला असता वाकते. ती जितकी उंच, तितकी धक्का गिळण्यास जागा अधिक. ती जितकी ठेंगणी, तितका धक्का रिमला, रिममधून स्प्रिंगला आणि शेवटी बसणाऱ्याच्या मणक्याला.

मग कंपन्या मोठी रिम का देतात?

त्यास कारणे आहेत, आणि ती सर्वच खोटी नाहीत. मोठ्या रिममध्ये मोठी ब्रेकची चकती मावते. ठेंगण्या कडेचा टायर वळणावर कमी झुकतो, त्यामुळे सुकाणू फिरविताच गाडी तत्काळ वळते. वेगाने गाडी हाकणाऱ्यास हा गुण प्रिय असतो. परंतु तिसरे आणि बहुधा सर्वांत बलवत्तर कारण म्हणजे देखावा. उंच गाडीस लहान चाक शोभत नाही असा एक समज रूढ झाला आहे. म्हणून एकाच गाडीच्या स्वस्त प्रकारास सोळा किंवा सतरा इंची रिम आणि महाग प्रकारास अठरा किंवा एकोणीस इंची रिम, अशी विभागणी होते. गिऱ्हाइकास चामड्याची आसने आणि उघडणारे छप्पर हवे असते. पण त्यांबरोबर मोठी रिमही गळ्यात पडते.

ज्या देशांत रस्ते आरशासारखे आहेत तेथे यात फारसे बिघडत नाही. आपला रस्ता मात्र निराळा. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास उतरणाऱ्यास पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांविषयी आम्ही वेगळे सांगावयास नको. ठेंगण्या कडेचा टायर वेगाने खड्ड्याच्या धारेवर आदळला की ती धार आणि रिमची कड यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटली जाते. आतील दोरे तुटतात. त्या वेळी कदाचित काहीच दिसत नाही. परंतु काही दिवसांनी त्या ठिकाणी लिंबाएवढा फुगवटा येतो. असा फुगवटा आलेला टायर कोणत्याही क्षणी फुटू शकतो. त्यास पंक्चरसारखा जोड नाही. तो बदललाच पाहिजे. कधी रिमच वाकते व हवा मंदपणे गळू लागते. रात्रीच्या वेळी बायकामुले गाडीत असताना घाटात टायर फुटणे म्हणजे काय, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावी. तेव्हा उंच कडेचा टायर ही केवळ सुखाची बाब नव्हे. खराब रस्त्यावर ती सुरक्षिततेचीही बाब आहे.

टायरवरील आकडे वाचावे कसे?

धान्याच्या पोत्यावर जसे वजन व मार्का असतो, तसेच टायरच्या कडेवर त्याचे सारे वर्णन उठावाने लिहिलेले असते. उदाहरणार्थ, आपल्याकडील मध्यम-मोठ्या एसयूव्हींस वापरला जाणारा एक आकार घेऊ : २३५/६० आर १८, आणि त्यापुढे १०३ एच.

यातील २३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेकडा किती, ते प्रमाण. म्हणजे २३५ चे शेकडा ६०, अर्थात १४१ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढील १०३ हा भाराचा निर्देशांक आहे. हे किलोग्रॅम नव्हेत, तर कोष्टकातील क्रमांक होय. १०३ क्रमांकाचा टायर योग्य हवा असता ८७५ किलोग्रॅम, म्हणजे पावणेनऊ क्विंटल भार वाहू शकतो. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा दाखविते. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटर.

एवढे समजले की हिशेब कोणत्याही त्रैराशिकाइतका सोपा आहे.

व्यासाचा ताळा

येथे एक मुद्दा प्रारंभीच स्पष्ट केला पाहिजे. आपणांस लहान करावयाची आहे ती रिम. टायरसह संपूर्ण चाक नव्हे. रिम जितकी घटेल तितकी टायरची कड वाढली पाहिजे, म्हणजे जमिनीपासून चाकाच्या माथ्यापर्यंतची उंची पूर्वीइतकीच राहील. या ताळ्याखेरीज सौदा करू नये.

२३५/६० आर १८ चा संपूर्ण व्यास काढू. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा १८ इंचांचे ४५७.२ मिलिमीटर झाले. त्यात वरची व खालची अशी दोन कडांची उंची, १४१ च्या दुप्पट म्हणजे २८२, मिळविली की ७३९.२ मिलिमीटर भरतात.

आता २३५/६५ आर १७ घेऊ. १७ इंचांचे ४३१.८ मिलिमीटर. २३५ चे शेकडा ६५ म्हणजे १५२.७५, त्याची दुप्पट ३०५.५. एकूण ७३७.३ मिलिमीटर. दोहोंतील फरक दोन मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे शेकडा पावाच्या आसपास. पहिले चाक एका किलोमीटरात सुमारे ४३१ फेरे घेते, तर दुसरे सुमारे ४३२. किलोमीटरमागे एका फेऱ्याचा फरक! वेगदर्शक काटा, किलोमीटरची नोंद, गाडीची उंची, ब्रेकची स्वयंचलित यंत्रणा, यांपैकी कशासही हा फरक जाणवण्याजोगा नाही. आणि लाभ? कडेची उंची १४१ वरून जवळजवळ १५३ मिलिमीटरवर गेली. बारा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या रुंदीहूनही कमी, असे कोणी म्हणेल. परंतु टायर वाकतो तो याच जागेत, आणि खड्ड्याची धार रिमला भिडण्याच्या आधी मिळणारी सवलतही हीच.

सर्वसाधारणपणे व्यासातील फरक शेकडा दोनच्या आत, आणि साधल्यास एकच्या आत ठेवावा.

फसगतीचा सौदा

आता याच्या उलट उदाहरण पाहू. समजा, दुकानदाराने सांगितले की "सतरा इंचीच पाहिजे ना? हा २२५/६० आर १७ तयार आहे, किंमतही कमी आहे." आकडे सकृद्दर्शनी जवळचेच दिसतात. परंतु ताळा करून पाहावा. ४३१.८ मध्ये २२५ च्या शेकडा ६० ची दुप्पट, म्हणजे २७०, मिळविली असता ७०१.८ मिलिमीटर होतात. मूळ चाकाहून हे ३७ मिलिमीटरांनी, म्हणजे शेकडा पाचांनी, कमी. गाडीचे पोट जमिनीकडे सुमारे १९ मिलिमीटर उतरले. काटा ताशी १०० दाखवील तेव्हा गाडी वस्तुतः ९५ च्या सुमारास धावत असेल, आणि किलोमीटरची नोंद फुगत जाईल.

याहून गंभीर गोष्ट भाराची. या आकाराच्या साध्या टायरचा निर्देशांक ९९ असतो, म्हणजे ७७५ किलोग्रॅम. मूळ चार टायरांची शक्ती ३५ क्विंटल होती. ती ३१ क्विंटलवर आली. एका फटक्यात चार क्विंटल कमी. सात माणसे, सामानसुमान, आणि रस्त्यात आंब्याच्या दोन पेट्या, अशी भरलेली गाडी उन्हाळ्यात महामार्गावर वेगाने धावू लागली म्हणजे हा तुटवडा उष्णतेच्या रूपाने प्रकट होतो. आणि टायरचा खरा शत्रू उष्णताच आहे. याउलट २३५/६५ आर १७ च्या साध्या टायरचा निर्देशांक १०४, म्हणजे ९०० किलोग्रॅम असतो. चारांचे ३६ क्विंटल. मूळ टायरपेक्षा एक क्विंटल अधिकच.

तेव्हा नियम असा : नव्या टायरचा भारनिर्देशांक मूळ टायरइतका किंवा त्याहून अधिक असावा; कमी कदापि नसावा. वेगाचे अक्षरही मूळच्या खालचे घेऊ नये. विद्युत्‌ घटावर चालणाऱ्या एसयूव्ही वजनाने फार भारी असतात. त्यांच्या बाबतीत हा नियम दुप्पट कसोशीने पाळावा.

रिम बसेल काय?

टायरचा हिशेब जुळला म्हणजे सारे जुळले असे नव्हे. रिम निवडताना पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, रिमच्या पोटात ब्रेकचा सांगाडा मावला पाहिजे. काही गाड्यांच्या महाग प्रकारास ब्रेकच मोठे असतात. तेथे लहान रिम मुळीच बसत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी एक रिम पुढील चाकाच्या जागी लावून, हाताने फिरवून पाहावी. दुसरी, बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळला पाहिजे. उदाहरणार्थ पाच बोल्ट आणि ११४.३ मिलिमीटर. 'जवळजवळ बसते' हे उत्तर येथे चालत नाही. तिसरी, रिमच्या मध्यभागीचे छिद्र गाडीच्या हबवर घट्ट बसावे. ते सैल असल्यास वेगात गाडी थरथरते. चौथी, रिम आत-बाहेर किती बसते ते माप, ज्यास ऑफसेट म्हणतात, ते मूळच्या जवळ असावे. अन्यथा टायर आतील स्प्रिंगला किंवा बाहेरील पत्र्याला घासतो, आणि बेअरिंगवर भलता ताण येतो. पाचवी, नटांची बैठक. काही रिमांस शंकूच्या आकाराचे नट लागतात, काहींस गोलाकार. चुकीचे नट घट्ट बसल्यासारखे भासतात आणि वाटेत सैल होतात.

या साऱ्या कटकटीतून सुटण्याचा राजमार्ग एकच आहे. आपल्याच गाडीच्या स्वस्त प्रकारास कंपनीने दिलेली मूळ रिम घ्यावी. तिची सर्व मापे कंपनीने स्वतः तपासलेली असतात. तरीही ब्रेक मोठे नाहीत ना, एवढे लावून पाहावेच. लहान रिम हलकीच असेल असेही गृहीत धरू नये. लोखंडी रिम लहान असूनही अलॉय रिमपेक्षा भारी असू शकते. आपण तर काट्यावर जगणारी माणसे. जुने आणि नवे चाक टायरसह काट्यावर ठेवून पाहावे. स्प्रिंगच्या खालचे वजन जितके कमी, तितके चाक खड्ड्यातून चटकन वर येते आणि गाडी शांत राहते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकास करता येत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. म्हणून आपल्या मॉडेलसाठी निर्मात्याने स्वतः मान्य केलेल्या आकारांच्या बाहेर जाऊ नये, हे उत्तम. हे मान्य आकार गाडीबरोबरच्या पुस्तिकेत, आणि बहुधा चालकाच्या दाराजवळील खांबावर चिकटविलेल्या तक्त्यावर छापलेले असतात. त्याखेरीज विमा कंपनीस पत्र अथवा ई-मेल लिहून बदल कळवावा आणि उत्तर जपून ठेवावे. तोंडी होकारावर विसंबू नये. व्यापाऱ्यास लेखी चिठ्ठीचे मोल सांगावयास नको.

टायर कोणता घ्यावा?

एकाच आकाराचे टायर स्वभावाने भिन्न असतात. ज्यांच्या पृष्ठभागावर मोठमोठे ठोकळे व खोल खाचा असतात ते शेतवाटेसाठी व चिखलासाठी होत. ते दिसावयास रुबाबदार, पण महामार्गावर गुणगुणतात, वजनाने भारी असतात आणि सुखाच्या बाबतीत दुय्यम. ज्याची गाडी वर्षाचे तीनशे दिवस डांबरावर चालते, त्याने महामार्गासाठी केलेला, शांत चालणारा आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड असणारा टायर घ्यावा. टायरच्या कडेवर भारतीय मानक संस्थेचे आयएसआय चिन्ह आहे, हेही पाहावे.

आणखी एक गोष्ट धान्याच्या व्यापाऱ्यास विशेष पटेल. तांदूळ जुना होतो तसतसा त्याचा भाव चढतो. टायरचे तसे नाही. वखारीत पडून राहिलेला टायर रबर कडक होऊन सुख आणि पकड दोन्ही गमावतो. त्याच्या कडेवर चार अंकांचा एक शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे. २३२५ असा शिक्का असल्यास तो २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. सवलतीच्या दराने मिळणारा माल प्रथम या शिक्क्यावर पारखून घ्यावा. चारही टायर एकाच जातीचे घ्यावेत. विशेषतः चारही चाकांस शक्ती जाणाऱ्या गाडीत नवे-जुने मिसळू नयेत. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद ठरतो. पावसाळी मुलखात राहणाऱ्याने त्याच्या आधीच तो बदलावा.

बसविताना आणि बसविल्यावर

नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, आणि तेही कंपनीने सांगितलेल्या जोराने, मोजणाऱ्या पान्याने. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासावेत. बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावे. चाकातील हवेचा दाब दाखविणारे यंत्र गाडीत असल्यास त्याचे संवेदक नव्या रिममध्ये हलवावेत. जास्तीचे चाक, ज्यास स्टेपनी म्हणतात, तेही पाहावे. त्याचा व्यास इतर चाकांहून भिन्न असल्यास ते केवळ दुरुस्तीच्या दुकानापर्यंत हळू जाण्यापुरतेच वापरावे.

हवेविषयी अधिक काय लिहावे! पुष्कळ गाड्यांची आदळआपट केवळ अधिक हवेमुळे होत असते. पंपावरील पोऱ्या सवयीने सर्वांना सारखीच हवा भरतो. म्हणून आमचे सांगणे असे की, रिम बदलण्याचा खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय अवश्य करून पाहावा. सकाळी गाडी थंड असताना हवेचा दाब मोजावा आणि दाराच्या तक्त्याप्रमाणे करावा. रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी तेथे निरनिराळे आकडे असतात. त्यांचा भेद पाळावा. आठ दिवस तशी गाडी चालवून पाहावी. त्याच वेळी शॉकअ‍ॅब्सॉर्बर गळके नाहीत ना, हेही पाहून घ्यावे. तक्रार तरीही उरली तरच चाकाकडे वळावे. नवा टायर बसविल्यावरही त्या आकारासाठी छापलेलाच दाब ठेवावा. अधिक मऊपणाच्या लोभाने हवा कमी केली तर टायर तापतो, कडा झिजतात आणि इंधन वाढते.

जमा आणि खर्च

प्रामाणिक वहीत दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. उंच कडेचा टायर वळणावर किंचित अधिक झुकतो. सुकाणू फिरविल्यापासून गाडी वळेपर्यंत पूर्वीपेक्षा क्षणभर उशीर जाणवतो. घाटात वेगाने वळणे घेण्याची ज्यास हौस आहे त्यास हा बदल रुचणार नाही. दिमाखही थोडा उणावतो, हे खरे. आणि ज्याची गाडी केवळ गुळगुळीत महामार्गावर धावते, त्यास फरक इतका थोडा वाटेल की खर्च व्यर्थ गेला असे तो म्हणेल.

उलट बाजूस जमा आहे ती अशी. लहान रिमचा टायर त्याच कंपनीचा व त्याच दर्जाचा असूनही सामान्यतः स्वस्त मिळतो, त्यामुळे पुढील प्रत्येक बदलीत बचत होते. खड्ड्याने टायर फुगण्याची व रिम वाकण्याची भीती कमी होते. आणि प्रवासाचे सुख मिळते, ज्याचा भाव काढता येत नाही.

आमच्या घरच्या गाडीस दोन वर्षांपूर्वी आम्ही अठराऐवजी सतरा इंची रिम, वर सांगितलेल्याच हिशेबाने, बसविली. त्याचे कारण आमच्या मातोश्री. वय नव्वदीकडे झुकलेले, मणक्याचे जुने दुखणे, आणि दर्शनाची ओढ मात्र तशीच. कुंभोज-बाहुबलीचे दर्शन तर दूरच, निपाणीच्या अलीकडील स्तवनिधीपर्यंत जावयाचे म्हटले तरी त्या "घरूनच हात जोडते" म्हणू लागल्या होत्या. चाके बदलल्यानंतर त्या स्तवनिधीस दोनदा आणि बाहुबलीस एकदा जाऊन आल्या. खड्डे नाहीसे झाले नाहीत. गतिरोधकावर धक्का अजूनही बसतो. पण तो पूर्वीसारखा तीक्ष्ण राहिला नाही, आणि वाटेत पाठ टेकण्यासाठी तीनदा थांबावे लागे तेथे आता एकदाच थांबावे लागते. औषधाने जे साधले नव्हते ते सारे चाकाने साधले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यांचे घराबाहेर पडणे पुन्हा सुरू झाले, एवढी जमा आमच्या वहीत निश्चित आहे.

ज्यांस अद्याप गाडी घ्यावयाची आहे त्यांस तर हा लाभ विनाखर्च मिळू शकतो. दुकानात गेल्यावर त्याच मॉडेलचा लहान रिमचा प्रकार मागावा, तो आणि मोठ्या रिमचा प्रकार दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना मागच्या आसनावर बसवून, मुद्दाम खराब रस्त्यावरून चालवून पाहावेत, आणि मगच बयाणा द्यावा. ज्यांची गाडी आधीच घेतलेली आहे त्यांनी जुने टायर झिजून बदलण्याची वेळ येईल तेव्हा हा विचार करावा. म्हणजे खर्च जवळजवळ रिमपुरताच राहतो. काढलेल्या मूळ रिमा विकण्याची घाई करू नये. गाडी विकतेवेळी गिऱ्हाईक त्या मागते.

आपल्या धर्मात मुनींसाठी ईर्यासमिती सांगितली आहे. चार हात पुढची भूमी पाहून, जीवास इजा न होईल असे पाऊल टाकावे, हा तिचा भाव. गृहस्थास ते व्रत जसेच्या तसे पाळणे अशक्य; तथापि यत्नाचाराचा जो उपदेश त्यात आहे तो वाहन चालविणाऱ्यासही लागू पडतो. वेग बेताचा, दृष्टी पुढे, आणि चाक असे की ज्यावर घरातील सर्वांत दुर्बळ माणसास विश्वासाने बसता येईल. चाकाची शोभा रस्त्यावरच्या लोकांसाठी असते. त्याचे सुख आणि त्याचा धोका आत बसलेल्यांच्या वाट्याला येतो. सौदा करताना ही एक गोष्ट सभासद बंधू-भगिनींनी मनात वागवावी, इतकी विनंती करून आम्ही रजा घेतो.

जय जिनेंद्र.